शून्य, एक नग, दुरुस्तीस रवाना

जमीन आणि पाणी यांच्यातला फरक मूलतः प्रशासकीय आहे. दप्तरात जमीन लिहिली की ती जमीन. तिच्यावर घर बांधता येतं, आंबा लावता येतो, शेजाऱ्याशी भांडता येतं. पाणी लिहिलं की यांपैकी फक्त भांडता येतं.

पेणच्या जुन्या गावाच्या खालच्या अंगाला १९५८ सालापर्यंत खाजण होतं. भरतीला पाणी, ओहोटीला चिखल, मधल्या वेळात तिवरांवर बसलेले बगळे, असा त्याचा ठरलेला दिनक्रम होता. त्या वर्षी 'खाजण-भराव सुधार मंडळ' स्थापन झालं आणि हैबतराव अध्यक्ष झाले. स्थापनेच्या भाषणात ते म्हणाले, "स्वतंत्र देशात दिवसातून दोनदा पाण्याखाली जाणारी जमीन शोभत नाही." टाळ्या झाल्या, ठराव झाला, आणि खाजण त्याच दुपारी जमीन झालं. राहिला फक्त भराव टाकायचा.

अंदाजपत्रकात सगळा लाल मुरूम होता. प्रत्यक्षात जे उपलब्ध झालं ते असं: भाताच्या गिरण्यांचं तूस पंचेचाळीस टक्के, गणपतीच्या कारखान्यांतले फुटके साचे वीस टक्के, मागणीअभावी पडून राहिलेले मातीचे उंदीर नऊ टक्के, जुन्या कचेऱ्यांतले कागद अकरा टक्के, किरकोळ पंधरा टक्के, एक अख्खा मचवा (मोठी होडी; याची टक्केवारी काढता आली नाही), आणि सगळ्यांवर मुरूम चार टक्के. बेरीज एकशे चार येते. वरचे चार टक्के खचण्यासाठी राखून ठेवले होते, ही मंडळाची दूरदृष्टी. वरून पाहणाऱ्याला सगळा मुरूमच दिसत होता, आणि पाहणी वरूनच करायची असते.

त्यावर एकशे बारा घरांची वसाहत उभी राहिली. नाव हैबतपुरा. खाडीकडचा मिठागराचा जुना बांध तसाच ठेवला आणि त्यातली उघाडीही ठेवली. (उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. त्याला लाकडी झडप असते. भरती तिला ढकलून बंद करते, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. माणूस लागत नाही, म्हणून मंडळाच्या आस्थापनेत तिची नोंद नव्हती.) ज्यांची मिठागरं भरावाखाली गेली त्यांना बांधालगतची शेवटची ओळ दिली. पाण्याची सवय असलेल्या माणसांना पाण्याच्या बाजूला ठेवावं, इतका बारीक विचार आजकाल कोण करतो.

१९६१ साली मंडळाचे ओव्हरसियर दिनानाथराव यांनी कार्यालयाच्या अंगणात एक काळा दगड पुरला आणि त्यावर शून्य कोरून घेतलं. यापुढे पेणपासून रोह्यापर्यंत मंडळाची सगळी मोजणी या दगडापासून होईल, असा नियम नऊ लिहिला गेला. दगड चांगला होता. फक्त तो तुसावर पुरला होता. तूस कुजत गेलं तसा दगड खाली गेला. वसाहतही खाली गेली, कार्यालयही, दुर्बिणीची तिपाईदेखील. सगळे एकत्र गेल्यामुळे कोणीच कुठे गेलं नाही. दरवर्षी दिवाळीनंतर मोजणी व्हायची आणि दरवर्षी शेरा पडायचा: 'हैबतपुरा स्थिर.'

मात्र जुनं गाव वर येत होतं.

दर दीड वर्षाला एक इंच, न चुकता. दिनानाथराव प्रामाणिक होते. जे दुर्बिणीतून दिसलं ते त्यांनी लिहिलं. १९८७पर्यंत जुनं गाव जवळजवळ दीड फूट वर आलं, तेव्हा त्यांनी खडकावर दुकान असलेल्या गोविंदा शिंप्याला विनापरवाना उंच झाल्याबद्दल नोटीस काढली. गोविंदा नोटीस घेऊन कार्यालयात आला आणि म्हणाला, "साहेब, मी दिवसभर बसलेलाच असतो." त्याचा खुलासा असमाधानकारक ठरला.

रेल्वे आल्यावर दिनानाथरावांनी मोजणी रुळांच्या कडेने कासू, नागोठणे करत रोह्यापर्यंत नेली. रोहासुद्धा दीड फूट वर आलं होतं. कुंडलिका नदीपलीकडचं अष्टमी गावही आलं होतं. पूल मधल्या मध्ये मोडेल अशी काळजी वाटत होती, पण तो सुदैवाने दोन्ही टोकांनी सारखाच वर येत होता. मंडळाच्या रोहा शाखेने अभिनंदनाचा ठराव केला आणि थंड हवेच्या ठिकाणाचा दर्जा मिळावा म्हणून अर्ज पाठवला. अर्ज मीच आवक केला. मी मंडळात आवक-जावक कारकून होतो. अर्जाबरोबर पुरावा म्हणून शाखेतल्या सहा कर्मचाऱ्यांचा स्वेटर घातलेला फोटो होता. महिना मे होता.

आता गोदूबाईंविषयी.

गोदूबाई शेवटच्या ओळीत राहायच्या. नवरा गेलेला, एकुलती मुलगी हौसा अष्टमीला दिलेली. मिठागरात डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्यामुळे त्यांची मान सरळ होती, आणि ती कार्यालयात आल्यावरही सरळच राहायची. १९८८च्या श्रावणात त्या पहिल्यांदा आल्या. उघाडीची झडप कुजून गळून पडली होती आणि उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, खारं पाणी घरात नडगीपर्यंत चढत होतं.

"साहेब, घरात पानी येतंय," त्या म्हणाल्या.

दिनानाथरावांनी वही उघडली. "बाई, तुमची जमीन शून्यापासून चौदा इंच वर आहे. उधाण शून्यापासून आठ इंच वर येतं. पाणी तुमच्या घरात येऊ शकत नाही."

"मंग मी टोपानं काय बाहेर टाकतंय?"

"ते भरतीचं नसेल. माठ गळतो का बघा."

दुसऱ्या वेळी त्या टोप घेऊनच आल्या. टोपात निवटी होती, चुलीखाली सापडलेली, जिवंत. दिनानाथरावांनी चष्मा लावून तिची पाहणी केली आणि शेरा लिहिला: 'निवटी चिखलावरून उड्या मारत चालते हे सर्वश्रुत आहे. सबब सदर मासा चालत आला असावा. पाण्याचा पुरावा म्हणून पोहणारा मासा सादर करावा.' तिसऱ्या वेळी गोदूबाईंनी बोय आणली, पोहणारी, हातभर लांब. ती बाजारातही मिळते, असा शेरा पडला. बोय परत करण्याची तरतूद नव्हती. ती चांगली ताजी होती, इतकं मी सांगू शकतो.

गोदूबाईंची घाई वेगळ्या कारणाची होती. हौसाला पाचवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी. कोजागिरीला हौसाची सासू सीताबाई अष्टमीहून घर बघायला आल्या. त्या दिवशी दुपारी उधाण होतं. सीताबाई दारात उभ्या राहिल्या, त्यांनी लुगडं वर धरलं, घरातून एक चक्कर मारली, पाण्यावर तरंगणारा पाट पायाने बाजूला सारला आणि शांतपणे म्हणाल्या, "घर चांगलं हाय गो विहिणबाई. होडी कुठं बांधता?"

गोदूबाईंनी तरंगणारा पाट उचलून फडताळावर ठेवला.

"मला पोरीचं वाईट करायचं नाय," सीताबाई म्हणाल्या. "पन बाळंतीण खाऱ्या पान्यात कशी निजवायची? मार्गशीर्षाच्या अमावाशेला मी परत येन. जमीन सुकी दिसली तर धाडते. नायतर माझ्याकडं व्हईल बाळंतपन, त्यात काय रागवायचं नाय."

त्या गेल्या, आणि गोदूबाई पहिल्यांदा पाण्यात बसून रडल्या. हे मला त्यांचे दीर कान्हू यांनी नंतर सांगितलं. पाणी आधीच इतकं होतं की वेगळं कळलं नाही, असंही ते म्हणाले, पण हसले नाहीत.

कान्हू जन्मभर मिठागरात राबलेला माणूस. मिठाच्या कोंडीत पाणी सगळीकडे सारखं बोटभर उभं राहावं लागतं, नाहीतर मीठ धरत नाही. जमीन कुठे किती उतरलीय हे त्यांना पाण्याकडे पाहून कळायचं. वहिनी सावरल्यावर ते म्हणाले, "वयनी, पानी बरोबर हाय, वही पन बरोबर हाय. त्यांचा दगड खाली चाल्लाय."

"मंग सांग त्यांना."

"सांगितलं. ते बोलले, दगडानं तक्रार केलेली नाय."

"मंग दगुड वर नेऊया," गोदूबाई म्हणाल्या.

त्यांचा विचार सरळ होता. दगड खडकावर ठेवला की वहीत हैबतपुरा खाली दिसेल, खाली दिसला की पाणी येतं हे मान्य होईल, आणि मान्य झालं की झडप मिळेल. मला त्यात आजही चूक सापडत नाही. त्यांना मंडळ माहीत नव्हतं, इतकंच.

चार दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत, गोदूबाई, कान्हू आणि शेवटच्या ओळीतल्या चार बायका पहार आणि कावड घेऊन आल्या. दिनानाथराव जेवायला घरी गेले होते. या सहा जणांनी दगड खणला, दोरात बांधला आणि उचलला. मी टेबलाशी भाकरी खात होतो. कार्यालयातून वस्तू बाहेर चालली होती, त्यामुळे विचारणं माझं काम होतं.

"कुठं नेता?"

गोदूबाई थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. "दुरुस्तीला," म्हणाल्या.

मी जावक वही ओढली आणि लिहिलं: 'जावक क्र. ४१७. शून्य, एक नग, दुरुस्तीस रवाना.' त्यांचा अंगठा घेतला. चोरीला अंगठा नसतो, त्यामुळे ही चोरी नव्हती.

दगड गोविंदा शिंप्याच्या दुकानासमोर पिंपळाच्या पारावर, खडकावर बसवण्यात आला. गोविंदाने त्याला हार घातला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी शेंदूर लावला.

दिवाळी झाली. लक्ष्मीपूजनाला गोदूबाईंच्या घरी लक्ष्मी फडताळाच्या वरच्या फळीवर बसवली. मग मोजणीचा दिवस आला. दिनानाथराव अंगणात आले आणि खड्ड्याकडे पाहत राहिले. मी वही दाखवली.

"दुरुस्ती झाली का?"

"झालेली दिसते साहेब. पारावर आहे. बराच वर आलाय."

दिनानाथरावांनी नियमांची वही उघडली. नियम नऊ सांगत होता की मोजणी दगडापासून होईल. दगड कुठे असावा हे नियमात नव्हतं, कारण दगड चालतील असं १९६१ साली कोणाला वाटलं नव्हतं. त्यांनी पारावर तिपाई लावली, चप्पल काढून दगडाला नमस्कार केला (शेंदरामुळे) आणि दुर्बिणीतून हैबतपुऱ्याकडे पाहिलं. पाहता पाहता त्यांचा चेहरा उतरला. पुन्हा पाहिलं. मला म्हणाले, "लिही. साडेचार फूट."

पार मुळातच तीन फूट उंच होता. त्यात खरं खचलेलं दीड फूट मिळालं. दीड फूट खरं पटण्यासाठी मंडळाला तीन फूट जादा लागले, यात मंडळाचा दोष नाही. मोठ्या संस्थांना औषधाचा डोसही मोठाच लागतो.

"एका वर्षात," दिनानाथराव म्हणाले. "माझं घर चौथ्या गल्लीत आहे हो. मुलं आहेत घरात." सत्तावीस वर्षं त्यांच्याच पायाखालून जमीन जात होती आणि आता पहिल्यांदाच त्यांना ते जाणवलं. ते पारावर बसले. गोविंदाने त्यांना पाणी दिलं. मला त्या दिवशी त्यांची दया आली.

त्यानंतर जे झालं ते वेगाने झालं. रोहा एका दुपारी साडेचार फूट खाली आलं आणि शाखेने स्वेटर काढले. समुद्रही तेवढाच खाली गेला होता, पण तो हद्दीबाहेर असल्यामुळे त्याची नोंद घेतली नाही. हैबतराव तेव्हा ऐंशीचे होते. त्यांनी खाटेवरून तातडीची सभा घेतली आणि हैबतपुऱ्याचा रस्ता साडेचार फूट उंच करण्याचा ठराव झाला.

गोदूबाई सभेच्या दारात उभ्या होत्या. "रस्ता नको," त्या म्हणाल्या. "उघाडीला झडप द्या. एक फळी हवी."

"बाई, फळी ही बाब ठरावात नाही," दिनानाथराव म्हणाले.

"पानी रस्त्यावर नाय येत. घरात येतंय."

"घरं खाजगी आहेत. आम्हाला रस्ताच उचलता येतो."

रस्ता एकोणीस दिवसांत पूर्ण झाला, कारण तो कोणीच मागितला नव्हता. मंजुरी साडेचार फुटांची, मुरूम अडीच फुटांचा. एकशे बारा घरं दोन्ही बाजूंना चरात गेली. लोक दाराला फळकूट टाकून रस्त्यावर चढू लागले. आधी उधाणाचं पाणी यायचं आणि ओहोटीला जायचं. आता ते यायचं आणि बरेचदा राहायचं, आणि पहिल्यांदाच ते सर्व गल्ल्यांत समान पोचू लागलं. शेवटच्या ओळीवर इतकी वर्षं होत आलेला अन्याय अशा रीतीने दूर झाला. चौथ्या गल्लीत निवटी दिसू लागली.

मार्गशीर्ष अमावस्या आठ दिवसांवर आली होती.

आता एक फलक. हैबतपुऱ्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, म्हणजे १९८३ साली, मंडळाने तो ऐतिहासिक असल्याचा ठराव केला होता. वसाहत कशावर उभी आहे हे आठवणारं कोणी कार्यालयात उरलं नव्हतं, आणि आठवेनासं झालं की इतिहास सुरू होतो. तेव्हा सांगितलेला फलक पाच वर्षांनी, बरोबर त्याच आठवड्यात आला. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, अस्सल सागवान, दीड इंच जाड, पितळी अक्षरांत 'ऐतिहासिक वसाहत'. तो बांधाजवळ उभा करण्यात आला, कारण उद्घाटनाची गाडी तिथेच वळू शकत होती.

गोदूबाई दोन दिवस त्या फलकाकडे बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी कान्हूंना विचारलं, "सागवान हाय का ते?"

"व्हय."

"उघाडी केवढी?"

"साडेचार फूट," कान्हू म्हणाले. आणि मग करवत आणायला गेले.

भर दुपारी, ओहोटीत, गुडघाभर चिखलात उभं राहून दोघांनी झडप बसवली. वरून बिजागरी, खाली मोकळी, जशी कान्हूंच्या वडिलांच्या वेळी होती. कापलेल्या दीड फुटाच्या तुकड्यावर 'ऐति' राहिलं. उघाडीत 'हासिक वसाहत' बसलं, अक्षरं खाडीच्या बाजूला.

अमावस्येच्या सकाळी दिनानाथराव दोन माणसं घेऊन फलक जप्त करायला बांधावर आले. मीही पंचनाम्यासाठी होतो. भरती चढत होती. गोदूबाई झडपेच्या वर, बांधावर बसल्या होत्या. उठल्या नाहीत.

"बाई, ही मंडळाची मालमत्ता आहे. काढावी लागेल."

"काढा," गोदूबाई म्हणाल्या. "पन थोडं बघा आधी. मंग काढा."

पाणी बांधाला लागलं. झडप एकदा हलली आणि सावकाश दाबून बंद झाली. बाहेर खाडी आठ इंच वर आली, मग फूटभर. आत चर कोरडे. दिनानाथराव बाहेर पाहत, मग आत पाहत. दुर्बीण आणली नव्हती, त्यामुळे त्यांना नुसत्या डोळ्यांनी पाहावं लागलं. चौथ्या गल्लीत त्यांच्या दारात त्यांची बायको गोधड्या वाळत घालत होती. महिन्याभरात पहिल्यांदाच.

बराच वेळ गेला. माणसांनी पहारी खाली ठेवल्या. मग दिनानाथराव मला म्हणाले, "लिही. फलक योग्य ठिकाणी बसवलेला असून पाण्याच्या बाजूने स्पष्ट वाचता येतो."

"'ऐति' कमी आहे साहेब."

"माशांना पुरे," ते म्हणाले, आणि सही केली. सत्तावीस वर्षांत त्यांनी केलेला हा पहिला खोटा पंचनामा, आणि माझ्या मते पहिला बरोबर.

दुपारच्या गाडीने सीताबाई आल्या. भरती अजून पुरती उतरली नव्हती. त्या फळकुटावरून उतरून घरात आल्या, वाकल्या, हाताचा पंजा जमिनीवर टेकला आणि उलटा करून पाहिला. नुसती सारवणाची धूळ होती. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "च्या ठेव गो." पुढच्या आठवड्यात हौसा आली. फाल्गुनात मुलगी झाली. तिचं नाव शांती. तिला ज्या पाटावर न्हाऊ घालायचे, त्यावर पितळेत 'ऐति' लिहिलेलं होतं, आणि मी बारशाला गेलो तेव्हा गोदूबाई तो चिंचेने घासत होत्या.

मंडळाने पुढे कार्यालयात दुसरा दगड पुरला, कारण पारावरच्या दगडाला नवस बोलले जाऊ लागले होते. आता मंडळाकडे दोन शून्यं आहेत आणि मोजणी दोन्हींपासून करून सरासरी काढतात. हैबतपुरा स्थिर आहे.

तुम्ही हे एवढा वेळ हसत वाचलंत, ते बरं केलंत. तुसावर वसलेली वस्ती आणि तिथली भाबडी माणसं, हसण्यासारखंच आहे. आता एक छोटी माहिती द्या, मला जुनी सवय आहे म्हणून विचारतो. तुमच्या दारासमोरचा रस्ता इतक्या वर्षांत किती वेळा डांबरला? घर घेतलंत तेव्हा दाराला चार पायऱ्या होत्या. आता दोन आहेत. आणि मागच्याच आठवड्यात घरात शिरताना तुम्ही आनंदाने म्हणालात, की हल्ली गुडघे बरेच सुधारलेत.